जॉश गिब्सन : मेजर लीगबाहेरचा विक्रमवीर

जॉश गिब्सनचा जन्म २१ डिसेंबर १९११ रोजी अमेरिकेतील जॉर्जिया राज्यातल्या ब्यूना व्हिस्टा गावी झाला. वडिलांना पोलाद कारखान्यात काम मिळाले आणि कुटुंब पिट्सबर्गला आले. तिथेच तो बेसबॉलमध्ये पुढे आला.

कृष्णवर्णीयांना त्या काळी मेजर लीगची, म्हणजे बेसबॉलच्या सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धेची दारे बंद होती. लेखी नियम कुठेच नव्हता. संघमालकांची आपसातली समजूत होती आणि ती कायद्याहून कडक पाळली जाई. त्यामुळे रूब फॉस्टरने १९२० मध्ये कृष्णवर्णीय खेळाडूंसाठी निग्रो नॅशनल लीग स्थापन केली.

गिब्सन १९३० मध्ये होमस्टेड ग्रेज संघात दाखल झाला. त्याच वर्षी जुळ्यांना जन्म देताना त्याची पत्नी हेलन दगावली. तेव्हा तो अवघा अठरा वर्षांचा होता. १९३२ मध्ये तो पिट्सबर्ग क्रॉफर्ड्सकडे गेला. या संघाचा मालक गस ग्रीनली याचा पैसा आपल्याकडच्या मटक्यासारख्या आकड्यांच्या जुगारातून आलेला. पण त्याच पैशातून त्याने स्वतःचे मैदान बांधले आणि सॅचेल पेज, कूल पापा बेल यांच्यासारखे मातब्बर खेळाडू एकत्र आणले. पेज चेंडू फेकायचा आणि फलंदाजामागे बसून गिब्सन तो झेलायचा.

खरी ओळख मात्र त्याच्या फटक्यांची. होम रन, म्हणजे चेंडू थेट मैदानाबाहेर टोलवण्याच्या ताकदीमुळे त्याला मेजर लीगच्या गोऱ्या फलंदाजाच्या नावावरून ‘काळा बेब रूथ’ म्हणत. कौतुकातही मोजपट्टी गोऱ्यांचीच! लीगचे सामने मोजकेच असल्याने पोटासाठी संघ बसने गावोगावी हिंडून प्रदर्शनीय सामने खेळत. १९३७ मध्ये तो डॉमिनिकन प्रजासत्ताकात हुकूमशहा त्रुहियोच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संघाकडून खेळला, पुढे मेक्सिकोतही. अशा भटकंतीतल्या खेळाच्या नोंदी कोण ठेवणार? बेसबॉलच्या ‘हॉल ऑफ फेम’ या सन्मानदालनातील त्याच्या फलकावर लीगमधले आणि बाहेरचे धरून जवळजवळ ८०० होम रन लिहिले आहेत, तो आकडा पडताळणे अवघड आहे.

१९४३ च्या सुरुवातीला तो बेशुद्ध पडला. मेंदूत गाठ निघाली, पण शस्त्रक्रियेला त्याने नकार दिला. नवल म्हणजे त्याच वर्षी त्याने .४६६ ची सरासरी गाठली. म्हणजे हजार संधींमागे ४६६ यशस्वी फटके. पुढे आजार आणि दारू यांनी तो खचत गेला. २० जानेवारी १९४७ रोजी, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी त्याचे निधन झाले. त्याच वर्षी १५ एप्रिलला कृष्णवर्णीय जॅकी रॉबिन्सन मेजर लीगच्या ब्रुकलिन डॉजर्सकडून मैदानात उतरला आणि वर्णबंदी मोडली.

१९७२ मध्ये गिब्सनला ‘हॉल ऑफ फेम’मध्ये स्थान मिळाले, त्याच्या कबरीवर दगड मात्र १९७५ पर्यंत नव्हता. २०२० मध्ये मेजर लीगने १९२० ते १९४८ या काळातील निग्रो लीगना बरोबरीचा दर्जा दिला आणि मे २०२४ मध्ये त्यांचे आकडे अधिकृत नोंदींत घेतले. गिब्सनची कारकिर्दीची सरासरी .३७२ ठरली आणि मेजर लीगच्या टाय कॉबचा .३६७ चा विक्रम मागे पडला. इतक्या थोड्या सामन्यांवरून तुलना कशी करायची, असा आक्षेप काही जण घेतात. पण जास्त सामने खेळायची संधी त्याला मेजर लीगनेच नाकारली होती, त्यामुळे या आक्षेपात फारसा दम नाही.