आत या!
एका घडवलेल्या भाषेतील दोन क्रियापदे

निघताना ‘जातो’ म्हणू नये, ‘येतो’ म्हणावे, असे वडीलधारी माणसे आपल्याला शिकवतात. म्हणजे येणे-जाणे ही नुसती पायांची हालचाल नव्हे. बोलणाऱ्याचे मन कोठे आहे, हेही त्यातून कळते. पण एखाद्याने मेजाशी बसून अख्खी भाषाच घडवली, तर तिच्यात हा बारकावा कसा यायचा?

एस्पेरांतोचेच पाहा. तिचे कर्ते डॉ. झामेनहॉफ हे ज्यू नेत्रवैद्य. त्यांचा जन्म १८५९ साली, त्या वेळच्या रशियन साम्राज्यातील बियावस्तोक या गावी झाला. रशियन, पोलिश, जर्मन, ज्यू सारे तेथे शेजारी राहत. पण मने दूर. सर्वांना सारखी परकी आणि सारखी आपली अशी एक भाषा हवी, या ध्यासातून १८८७ साली वॉर्सा येथे त्यांचे पहिले पुस्तक निघाले. टोपणनाव घेतले ‘डॉक्टर एस्पेरांतो’, म्हणजे आशा बाळगणारा!

या भाषेत ‘इरि’ म्हणजे जाणे, ‘वेनि’ म्हणजे येणे. मागे ‘एन’ लावा: ‘एनिरि’ आत जाणे, ‘एनवेनि’ आत येणे. ‘अल’ लावला की ‘अलवेनि’, येऊन पोचणे. संस्कृतात ‘आ’ लागताच गमनाचे आगमन होते, तसाच हा प्रकार. आपल्याकडे तो पोचला, ती पोचली, ते पोचले. तेथे सर्वांना एकच ‘अलवेनिस’. अपवादाचे नाव नाही!

उंबरठ्याचा भेद मात्र कायम राहिला. बाहेरचा सोबत्याला ‘एनिरु’, आत जा, म्हणेल. आतला यजमान ‘एनवेनु’, आत या, म्हणेल.

झामेनहॉफ १९१७ साली वारले. धाकटी कन्या लिडिया हिने ही भाषा देशोदेशी शिकवली. १९३७ साली ती अमेरिकेत गेली. पण तेथे राहण्याची मुदत वाढवून मिळाली नाही, आणि १९३८च्या अखेरीस ती पोलंडला परतली. पुढे युद्ध आले. भाऊ आदाम याला नाझींनी १९४० साली गोळ्या घातल्या. १९४२ साली लिडिया आणि थोरली बहीण सोफिया त्रेब्लिंकाच्या छळछावणीत मारल्या गेल्या.

भाषा मात्र जगली. आजही ती बोलली जाते. ‘आत या’ हा शब्द घडवणे एका माणसाला साधले. तो उच्चारून दार उघडणे, हे काम व्याकरणाचे नव्हे, ते आतल्यांचे.