तळघरातला पंप चालतो, पण पाणी का उतरत नाही?

वर बिऱ्हाड आणि खाली तळघरात माल, अशी आमच्या पुष्कळ व्यापारी बांधवांची व्यवस्था असते. जागेचे भाव पाहता दुसरा इलाजही नाही. पावसाळ्यात जमिनीतील पाणी वर येते आणि भिंतीतून, फरशीच्या सांध्यांतून पाझरू लागते. कोपऱ्यातील खड्ड्यात पंप बसविला आहे म्हणून आपण निश्चिंत झोपतो आणि सकाळी खालच्या थप्पीतील ठाणे भिजलेली सापडतात. कोऱ्या कापडाला ओल लागली की थोड्याच दिवसांत बुरशीचे डाग धरतात. मजुरीवर काम करणाऱ्या कारागिराकडचा माल तर दुसऱ्याचा असतो, ती अमानत आहे. म्हणून पंपाची थोडी माहिती मालकाला स्वतःला असलेली बरी.

तळघरात पाणी साचले असेल तर वरचा मेन स्विच बंद केल्याखेरीज पाय खाली टाकू नये. मेन स्विचच खाली असेल तर वायरमनला बोलवावे. माल परत घेता येतो, जीव नाही. पंपाच्या लाइनला अर्थिंग आणि ३० मिलिअॅम्पियरचा गळती-संरक्षक स्विच हवाच.

पंप सुरूच होत नसेल तर आधी वीज येते का ते पाहावे, मग फ्लोट. हा तरंगणारा गोळा पाण्याबरोबर वर आला की पंप चालू करतो. खड्डा अरुंद असला की तो भिंतीला किंवा पाइपाला अडकतो. बऱ्याच वेळा दुरुस्ती एवढीच असते, मेकॅनिकचे पैसे वाचतात. पंप नुसता गुणगुणत असेल आणि फिरत नसेल तर लगेच बंद करावा, नाहीतर वायंडिंग जळते. अशा वेळी कंडेन्सर गेलेला असतो किंवा आतला पंखा अडकलेला असतो. आमच्या धंद्यात दुसरे कारण फार. सुताचे धागे, चिंध्या, पॅकिंगचे प्लास्टिक पंख्याला असे गुंडाळले जाते की कात्रीनेच कापावे लागते. खड्ड्यावर बारीक जाळी बसवावी आणि तीही अधूनमधून झाडावी.

पंप फिरतो पण पाणी फेकत नाही, तेव्हा खाली हवा कोंडलेली असू शकते. त्यासाठी पंप आणि नॉन रिटर्न व्हॉल्व्ह यांच्यामधल्या पाइपाला सुमारे ३ मिलिमीटरचे छिद्र ठेवतात. छिद्राचे तोंड खड्ड्याच्या आतच, खालच्या बाजूला असावे. थ्री फेज पंप असेल तर तो उलटा फिरत नाही ना, हेही पाहून घ्यावे. पंप बंद होताच पाणी पुन्हा खड्ड्यात येत असेल आणि पंप सारखा चालू-बंद होत असेल तर तो व्हॉल्व्ह खराब आहे.

पंप लहान पडतो का, याचा हिशेब सोपा आहे. खड्डा ६० सेंटिमीटर लांब-रुंद असेल तर पाण्याच्या प्रत्येक सेंटिमीटरला ३.६ लिटर होतात. पंप बंद ठेवून एका मिनिटात पाणी ५ सेंटिमीटर चढले, म्हणजे आवक १८ लिटर. पंप लावल्यावर मिनिटाला १० सेंटिमीटर उतरले, म्हणजे तो ५४ लिटर उपसतो. पाटीवरचे आकडे पाहून दुकानदार सांगेल ते खरे मानू नये. तेथे लिहिलेले सर्वांत जास्त लिटर हे शून्य उंचीचे असतात आणि सर्वांत जास्त उंचीवर पाणी जवळजवळ येतच नाही. पाइप पंपाच्या तोंडापेक्षा लहान घेतला तर आणखी घट होते.

आता पाणी सोडायचे कुठे? गटारात सोडले आणि मोठ्या पावसात गटारच तुंबले तर तेच पाणी उलट फिरते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, अशा दिवशी पाण्याला जायला वाटच नसते. पाइपाचे तोंड रस्त्यावर साचणाऱ्या पाण्याच्या वर काढावे आणि शेजाऱ्याच्या दाराकडे वळवू नये. त्याचाही आपल्यावर हक्क आहे. खड्ड्यातल्या पाण्याला घाण वास येत असेल तर ते गटाराचे समजावे. त्यात भिजलेले कापड धुऊन पाक केल्याशिवाय विकू नये, आणि गिऱ्हाइकाला तसे सांगावे.

मोठ्या पावसात वीजही जाते, तेव्हा इन्व्हर्टर किंवा जनरेटर पंप ओढेल एवढा आहे का, हे आधीच विचारून ठेवावे. मे महिन्यात एकदा खड्ड्यात बादल्यांनी पाणी ओतून फ्लोट उचलतो का ते पाहावे आणि थप्प्या जमिनीपासून निदान वीतभर उंच फळ्यांवर लावाव्यात.