घरचा नियम आणि निष्णात योद्ध्याची फजिती

गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा टेबलाभोवती बसून खेळायचा कथाखेळ १९७४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला. त्यात तलवारीचा वार लागला की हुकला, हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीनुसार फाशावर एक पडल्यास वार हुकतो, एवढेच. अनेक गट मात्र त्यात घरचा नियम जोडतात : एक पडला की योद्ध्याच्या हातून शस्त्रही गळून पडते.

याने रंगत वाढते. हिशेब मात्र उलटा बसतो. नवखा योद्धा एका फेरीत साधारणतः एकच वार करतो. त्याच्या फजितीची शक्यता ५ टक्के. विसाव्या पातळीवरील निष्णात योद्ध्याचे वार चार. त्यांपैकी एकावर तरी एक पडण्याची शक्यता सुमारे १८.५ टक्के. म्हणजे कौशल्याबरोबर फजितीही वाढते. अग्निगोळा फेकणाऱ्या मांत्रिकाला हा फासा टाकावाच लागत नाही. भुर्दंड तलवार चालवणाऱ्यालाच.

हा नियम फेरीतील पहिल्या वारापुरताच ठेवल्यास नवखा आणि निष्णात यांची जोखीम समान होते. घरचा नियम जरूर करावा; परंतु त्याचा भार कोणावर पडतो, हे खेळापूर्वीच सर्वांनी मिळून तपासावे.