धानाच्या बांधीतून त्रिनिदादला

तुमसरहून बालाघाटकडे निघालेला रस्ता सिहोरा मागे टाकून बपेऱ्याला येतो आणि बावनथडीच्या पुलावर महाराष्ट्र संपतो. या भागातल्या माणसाला सुट्टीत कुठे जाता असं विचारलं, तर उत्तर बहुधा चांदपूर असतं. मारुतीचं दर्शन, जलाशयाच्या काठावर डबा, दिवस मावळता घरी. फार झालं तर महाशिवरात्रीला गायमुख. मग कॅरिबियन बेटांवरच्या सुट्टीचा लेख बपेऱ्यापासून सुरू करण्याचं कारण काय? सहल कंपन्यांच्या रंगीत पत्रकांत ती बेटं म्हणजे पांढरी वाळू, वाकलेला माड आणि झोपाळा. एवढ्यासाठी तारकर्ली पुरे. धानपट्ट्यातल्या माणसाला तिथे जे झटकन ओळखू येईल, ते पत्रकात छापलेलंच नसतं.

त्यासाठी बेट निवडायचं ते त्रिनिदाद. व्हेनेझुएलाच्या किनाऱ्याला खेटून असलेलं. ३० मे १८४५ रोजी 'फातेल रझाक' हे जहाज कलकत्त्याहून सव्वादोनशेच्या आसपास मजूर घेऊन तिथे लागलं. गुलामगिरी कायद्याने संपली होती आणि उसाच्या मळेवाल्यांना स्वस्तातले हात हवे होते. १९१७ पर्यंत अशी १ लाख ४० हजारांहून अधिक माणसं करारावर तिथे गेली. बहुतेक बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशातली. त्यांत मराठी आडनावं शोधायला जाऊ नये. पण २०११ च्या जनगणनेत त्रिनिदाद आणि टोबॅगो या देशातली ३५ टक्के माणसं भारतीय वंशाची निघाली, आणि ३० मे ही तिथे सरकारी सुट्टी आहे.

मळ्यातून सुटलेल्या या माणसांनी दलदलीच्या जमिनीत धान लावलं. आपल्याकडे तलाव बांधून ऊस पिकवणाऱ्या कोहळ्यांची कीर्ती आहे; तिथे उसाला कंटाळलेल्यांनी पाण्यात बांध्या पाडल्या. साखरेचा कारभार पाहणारी 'कॅरोनी' ही सरकारी कंपनी २००३ साली बंद झाली, पण त्याच नावाची दलदल अजून आहे आणि पहिली संध्याकाळ तिथेच घालवावी. चारच्या सुमारास नाव निघते, खारफुटीच्या गल्ल्यांतून हळूहळू आत जाते आणि मोकळ्या पाण्यावर थांबते. मग लालभडक शराटी थव्यांनी येऊन झाडांवर बसू लागतात. हा त्रिनिदादचा राष्ट्रीय पक्षी. पिल्लू असताना तो मळकट तपकिरी असतो; खेकडे-झिंगे खाऊन खाऊन त्याला हा रंग चढतो. वैनगंगेच्या काठी धानात उभी सारसाची जोडी ज्याने पाहिली आहे, त्याला नावेत गप्प बसा असं सांगावं लागत नाही.

दुसऱ्या दिवशी वॉटरलू गावचं समुद्रातलं देऊळ. त्याची कहाणी मला कुठल्याही किनाऱ्याहून मोठी वाटते. शिवदास साधू हे करारावर आलेल्या मजुरांचे पुत्र. त्यांनी १९४७ साली किनाऱ्यावर देऊळ उभारलं. जमीन साखर कंपनीची निघाली. देऊळ पाडायला सांगितलं, त्यांनी ऐकलं नाही. चौदा दिवसांची कैद झाली, दंड झाला, देऊळ पाडलं गेलं. जमीन कंपनीची असेल, समुद्र तर कुणाचा नाही, असा हिशोब करून हा गृहस्थ सायकलवरून दगडमाती नेऊन समुद्रात भर टाकू लागला. वर्षानुवर्षं, जवळपास एकट्याने. १९७० साली ते गेले. लाटांनी खचलेलं देऊळ १९९० च्या दशकात नव्याने बांधलं गेलं. धुऱ्यावरून पिढ्यान्‌पिढ्या कज्जे चालवणाऱ्या आपल्या भागाला त्यांची युक्ती नीट कळेल.

तिथून जवळच कारापिचैमाला दत्ताचं देऊळ आहे, म्हैसूरच्या गणपती सच्चिदानंद स्वामींच्या परंपरेतलं. अंगणात ८५ फुटी हनुमान उभा. चांदपूरच्या मारुतीला नारळ फोडून निघालेल्याला परतीचा नारळ इथे फोडता येईल.

जेवणाचं म्हणाल तर उपाशी राहण्याची भीती नाही. रस्त्यावरचा खरा धंदा 'डबल्स'चा. दोन मऊ 'बारा', मध्ये रसदार चणे, वर झणझणीत तिखट; सकाळीच गाडीसमोर रांग लागते. 'दालपुरी' म्हणजे पोळीत भरडलेली डाळ, पुरणपोळीची तिखटामिठाची बहीण. 'बैगन चोखा' म्हणजे वांग्याचं भरीत, 'टोमॅटो चोखा' म्हणजे भाजलेल्या भेदऱ्यांची चटणी. आणि 'सहीना' समोर आली की विदर्भातला माणूस हसेल, कारण ती धोप्याच्या पानांची वडीच. मांसमच्छी चालत असेल, तर माराकास किनाऱ्यावर तळलेली रोटी आणि मासळी खावी.

पोहणं येत नसलं तरी शेजारच्या टोबॅगो बेटावर जावंच. बुकूच्या प्रवाळाजवळ भर समुद्रात कमरेएवढं नितळ पाणी असलेली जागा आहे, तिला 'नायलॉन पूल' म्हणतात. काचेच्या तळाची नाव तिथवर नेते. बोडीत डुंबत वाढलेल्याला एवढं पाणी पुरे. मार्च ते ऑगस्ट या काळात त्रिनिदादच्या उत्तर किनाऱ्यावर, ग्रांद रिव्हिएरला, अजस्र चामडपाठी कासविणी रात्री अंडी घालायला येतात. परवाना काढून, वाटाड्याबरोबरच जायचं. वेळासच्या कासवांनी आपल्याला शिकवलेली शिस्त तिथेही तीच. ला ब्रेआचा डांबराचा तलाव मात्र सुंदर वगैरे नाही. सुमारे १०० एकरांवर पसरलेलं काळं, सुरकुतलेलं डांबर, ज्यावर चालता येतं. चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या मँगनीज खाणी पाहिलेल्यांनी तो अवश्य पाहावा. जमिनीच्या पोटातलं कुठे कुठे जातं, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच.

क्रिकेटचा उल्लेख टाळला तर वाचक रागावतील. पोर्ट ऑफ स्पेनचं क्वीन्स पार्क ओव्हल हे मैदान. मार्च १९७१ मध्ये अजित वाडेकरांच्या संघाने वेस्ट इंडिजला कसोटीत पहिल्यांदा हरवलं ते इथे. मडगावच्या दिलीप सरदेसाईंनी ११२ धावा काढल्या आणि सुनील गावसकर पहिलीच कसोटी खेळत होते. त्याच मालिकेत ते पुन्हा इथे आले तेव्हा १२४ आणि २२० करून गेले. मालिकेत एकूण ७७४. त्रिनिदादच्या लॉर्ड रिलेटर या गायकाने त्यावर कॅलिप्सो रचलं. मराठी माणसावर इतक्या दूर गाणं होणं, हे आपल्या दिवाळी अंकांनी पुरेसं मिरवलेलं नाही.

आणि दिवाळी. १९६६ पासून तिथे दिवाळीची सार्वजनिक सुट्टी असते. चाग्वानासजवळ 'दिवाली नगर' भरतं, आणि गावोगावी बांबू चिरून, वाकवून त्याच्या कमानींवर पणत्या मांडतात. आपल्याकडच्या बुरडांना हे काम डोळे मिटून जमेल. अडचण एवढीच, की तेव्हा तिथे पावसाळा असतो. कोरडा हंगाम जानेवारी ते मे. थेट विमान नाही. युरोप किंवा अमेरिकेतून वळसा, आणि वाटेतल्या देशाच्या व्हिसाचीही चौकशी करावी लागते. कोरड्या हंगामात, म्हणजे खरिपाचं धान कापून, चुरून, केंद्रावर मोजून झाल्यावर निघायचं. उन्हाळी धानाची रोवणी असेल तर ती भावाच्या गळ्यात घालायची. फक्त तोवर चुकारे खात्यात जमा व्हायला हवेत.