पेंढ्याची गाठ आणि दिल्लीचा धूर

पंजाबात भातकापणी आणि गव्हाची पेरणी यांच्यामध्ये जेमतेम तीन आठवडे मिळतात. तेवढ्या अवधीत पेंढा हलला नाही, तर तो शेतातच जाळला जातो आणि धूर दिल्लीपर्यंत पोहोचतो. त्यामुळे पेंढ्याचे गठ्ठे बांधणारे बेलर यंत्र ऐन हंगामात बंद पडणे परवडत नाही. दोरीला गाठ मारणारा 'नॉटर' हा त्याचा सर्वांत नाजूक भाग. त्यावरील धूळ व भुसा रोज काढावा, दोरीचा ताण तपासावा. पेंढा ओला असेल तर गठ्ठा आतून तापतो, प्रसंगी पेटतोही. यंत्रावर अतिताण आल्यास मुद्दाम कमकुवत ठेवलेला 'शिअर बोल्ट' तुटतो व पुढची मोडतोड टळते. त्याजागी अधिक मजबूत बोल्ट बसवण्याची हुशारी मात्र महागात पडते. अडकलेला पेंढा काढण्यापूर्वी ट्रॅक्टर बंद करून चाके पूर्ण थांबू द्यावीत. घाईत घातलेला हात यंत्र सोडत नाही.