शेतकऱ्याची कंबर : जुनाट दुखणें व त्यावर हालचालीचा उपाय

बैलाच्या खांद्याला गांठ आली कीं आपण त्याच दिवशीं जूं उतरवितों, चार दिवस त्याला गोठ्यांत विसांवा देतों व पुन्हां जुंपतांना हलक्या कामापासून आरंभ करतों. बैल हें भांडवल आहे व भांडवल जपावें, एवढा व्यवहार प्रत्येक शेतकऱ्यास कळतो. परंतु ज्या कंबरेच्या बळावर पेरणीपासून मळणीपर्यंतचा सारा प्रपंच चालतो, तिच्या बाबतींत मात्र आपण एक तर तिला वर्षानुवर्षें मुकाट्यानें झिजूं देतों, नाहीं तर एकदां उसण भरली कीं घाबरून अंथरूण धरतों. हीं दोन्ही टोकें चुकीचीं आहेत, हें मला स्वतःच्या अनुभवानें व पुढें केलेल्या वाचनानें पटलें. सबब या विषयाची थोडी माहिती वाचक बांधवांपुढें व भगिनींपुढें ठेवीत आहें. मी वैद्य नाहीं. ज्यानें दुखणें भोगलें आहे अशा एका माणसाचें हें टिपण समजावें.

स्वतःचा अनुभव

महसूल खात्यांतील कारकुनींत माझें सारें आयुष्य गेलें. फेरफाराच्या नोंदी व सात-बाराचे उतारे यांवर मान घालून दिवस जाई व सुटीच्या दिवशीं घरची दोन एकर जमीन पाहावयाची, असा क्रम होता. नोकरीच्या अखेरच्या वर्षीं उन्हाळ कांदा चाळींत भरतांना एक पोतें अंग वळवून उचललें व कंबरेंत अशी चमक निघाली कीं मी जागच्या जागीं बसलों. अठरा दिवस अंथरुणावर काढले. दुखणें कमी झालें, पण गेलें नाहीं. तीन महिने झाले, सहा झाले. कोणी कंबरपट्टा सांगितला, तो घेतला. एके ठिकाणीं कंबरेस वजन लावलें. शेवटीं शहरांत जाऊन एम. आर. आय. काढला, मणक्यांमधील गादी झिजली व पुढें आली, असें कागदावर आलें. त्या कागदानें दुखण्यापेक्षांहि अधिक भय घातलें. जमीन वाट्यानें लावून द्यावी असें मनानें घेतलें व एका वाटेकऱ्याशीं बोलणेंहि झालें.

अशा स्थितींत तालुक्याच्या गांवीं एका फिजिओथेरपिस्ट बाईंकडे जाण्याचा योग आला. त्यांनीं कागद पाहून बाजूस ठेवला व विचारलें, "काका, कोठें दुखतें तें कळलें. आतां दुखण्याच्या भीतीनें तुम्ही काय काय सोडलें, तें सांगा." मी सांगूं लागलों : शेतापर्यंत चालणें सोडलें, जेवावयास खालीं बसणें सोडलें, विहिरीची पायरी उतरणें सोडलें, नातवास उचलणें सोडलें. यादी वाढत चालली तसा मी वरमलों. त्या म्हणाल्या, "कंबर दुखते म्हणून हीं कामें सुटलीं, हें खरें; पण हीं कामें सुटलीं म्हणून कंबर दुखत राहिली, हेंहि तितकेंच खरें." या एका वाक्यापासून माझी दिशा बदलली.

कंबरेची रचना

कंबरेच्या भागांत पांच मणके एकावर एक असतात. दोन मणक्यांच्या मध्यें एक गादी असते. तिचा बाहेरचा भाग चिवट तंतूंचा व आंतील भाग मऊ असतो. प्रौढ माणसाच्या या गादीस रक्ताचा पुरवठा फार थोडा असल्यामुळें तिचें पोषण बव्हंशीं आजूबाजूनें झिरपणाऱ्या रसावर होतें. भोंवतीं पोटाचे, पाठीचे व कुल्ल्यांचे स्नायु असून तंबूच्या दोरांप्रमाणें तेच या खांबास तोलून धरतात.

ओझ्याचा हिशेब पहारीच्या नियमानें चालतो. पाठीचे स्नायु मणक्याच्या मध्यापासून सुमारें ५ सेंटिमीटर मागें ओढतात. आपण २० किलोचें ओझें हात लांब करून अर्धा मीटर पुढें धरलें, तर तें तोलण्यास या स्नायूंना दहापट, म्हणजे सुमारें २०० किलोंचा जोर लावावा लागतो. शरीराचा भार निराळाच. तेंच ओझें छातीशीं धरलें तर जोर निम्म्याहूनहि कमी पुरतो. ओझें किती, यापेक्षां तें अंगापासून किती दूर, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा आहे.

दुखणें तीन महिन्यांहून अधिक टिकलें म्हणजे त्यास जुनाट म्हणतात. अशा दुखण्यांपैकीं शेंकडा सुमारें ९० दुखण्यांत मोडलेलें हाड, जंतूंची बाधा, गांठ असें एखादें ठराविक कारण सांपडत नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानें २०२० सालीं जगांत ६१ कोटी ९० लाख माणसांस कंबरदुखी होती व २०५० पर्यंत हा आंकडा ८४ कोटी ३० लाखांवर जाईल. तेव्हां आपण एकटेच दुर्दैवी आहोंत, असें कोणी मानूं नये.

अंथरूण व कागद

पूर्वीं कंबर दुखली कीं वैद्य-डॉक्टरहि दीर्घ विश्रांति सांगत. १९८६ सालीं अमेरिकेंत २०३ रुग्णांवर एक प्रयोग झाला. कांहींना दोन दिवस व कांहींना सात दिवस पडून राहण्यास सांगितलें. बरें होण्यांत फरक दिसला नाहीं. मात्र दोन दिवस विश्रांति सांगितलेल्यांचे कामाचे खाडे शेंकडा ४५ नीं कमी पडले. पडून राहिल्यानें स्नायु शिथिल होतात व मनांत भीति घर करते. अठरा दिवस निजून मीं कमावलें कांहीं नाहीं, गमावलें मात्र पुष्कळ.

कागदाचेंहि तसेंच. २०१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यांत, ज्यांची कंबर मुळींच दुखत नाहीं अशा तीन हजारांवर माणसांचे फोटो तपासलेले होते. विशींतल्या लोकांपैकीं शेंकडा ३७ जणांत, पन्नाशीच्या शेंकडा ८० जणांत व ऐंशीच्या शेंकडा ९६ जणांत गादीची झीज आढळली. केस पांढरे व्हावेत तशी ही वयाची खूण आहे. फोटो निरुपयोगी आहे असें नव्हे. डॉक्टरांस शंका असेल तेव्हां तो काढावाच. परंतु कागदावरील 'झीज' या एका शब्दासाठीं जमीन वाट्यानें लावण्याचें कारण नाहीं.

काय करावें व काय करूं नये

जागतिक आरोग्य संघटनेनें डिसेंबर २०२३ मध्यें जुनाट कंबरदुखीविषयीं मार्गदर्शन प्रसिद्ध केलें. दुखण्याची नीट समजूत करून देणें, नियमित व्यायाम, जाणकाराच्या हातून मालिश किंवा मणक्यांची हाताळणी, मनाची भीति घालविणारें समुपदेशन व जरूर तेथें साधीं वेदनाशामक औषधें, यांस तींत मान्यता आहे. कंबरपट्टा, वजन लावणें व ध्वनिलहरींचें यंत्र हे उपाय सरसकट करूं नयेत, अफूच्या जातीचीं औषधें देऊं नयेत, असेंहि तींत स्पष्ट आहे. माझा कंबरपट्टा त्यानंतर खुंटीवर गेला, तो अद्याप तेथेंच आहे. गरम पाण्याच्या पिशवीनें किंवा विटेच्या शेकानें घटकाभर बरें वाटतें. तो शेक जरूर घ्यावा, पण शेकावरच थांबूं नये.

व्यायामाचा क्रम

बाईंनीं मला बारा आठवड्यांचा क्रम दिला. तो असा :

१. उताणें निजून गुडघे दुमडावेत. एक गुडघा दोन्ही हातांनीं छातीकडे ओढून दहा अंक मोजावेत. प्रत्येक पायानें पांच वेळां.

२. त्याच स्थितींत टांचा जमिनीस रोंवून कंबर व कुल्ले वर उचलावेत, पांच अंक मोजून सावकाश खालीं आणावेत. दहा वेळां.

३. पालथें निजून प्रथम कोंपरांवर व कांहीं दिवसांनीं तळहातांवर भार देऊन छाती वर उचलावी. कंबर सैल सोडावी. दहा वेळां.

४. बैलासारखें चारी अंगांवर उभें राहून उजवा हात पुढें व डावा पाय मागें सरळ करावा, पांच अंक थांबावें. मग उलट बाजूनें. आठ-आठ वेळां.

तिसऱ्या व्यायामामागें एक हकीकत आहे. १९५६ सालीं न्यूझीलंडमधील वेलिंग्टन येथें रॉबिन मॅकेंझी या फिजिओथेरपिस्टकडे पायांत कळ उतरणारा एक रुग्ण आला. डोक्याकडील बाजू आधींच वर केलेल्या मेजावर तो चुकून पालथा निजला व थोड्या वेळानें पायांतील कळ नाहींशी झाल्याचें त्यानें सांगितलें. त्यावरून मॅकेंझी यांनीं आपली पद्धति बसविली. तिचा एक नियम ध्यानांत ठेवावा : व्यायाम करतांना कळ पायांतून वर कंबरेकडे सरकली तर चिन्ह चांगलें, कंबरेंतून पायाकडे उतरूं लागली तर तो व्यायाम तत्काळ थांबवून जाणकारास विचारावें.

अमकाच व्यायाम श्रेष्ठ असें ठरलेलें नाहीं. जो नेमानें होईल तो चांगला. २०१७ सालीं बोस्टन येथें ३२० रुग्णांवर केलेल्या प्रयोगांत योगासनांचा वर्ग हा फिजिओथेरपीहून कमी पडला नाहीं. चालण्याचा गुण तर बिनखर्चाचा आहे. २०२४ सालीं ऑस्ट्रेलियांतील ७०१ माणसांच्या प्रयोगाचें फळ प्रसिद्ध झालें. उपदेशासह टप्प्याटप्प्यानें चालणें वाढविणाऱ्यांची कंबर पुन्हां धरावयास मध्यमानानें २०८ दिवस लागले. ज्यांस असा क्रम दिला नव्हता त्यांची ११२ दिवसांतच धरली. आठवड्यांतून पांच दिवस अर्धा तास, हें त्यांचें ध्येय होतें. मी आरंभ दहा मिनिटांपासून केला.

व्यायामानें दुसऱ्या दिवशीं थोडें अंग दुखतें. त्यास भिऊं नये, पण चढाओढहि करूं नये. दुखणें सोळा आणे गेलें असें मी म्हणणार नाहीं. बारा आणे गेलें, व उरलेल्या चार आण्यांचें भय गेलें. जमीन मीच कसतों.

शेतांतील काम व घरांतील कंबर

येथें एक गोष्ट कबूल केली पाहिजे. मी सकाळीं ओसरीवर व्यायाम करीत असतां आमचें कुटुंब दारांत उभें राहून पाहत असे. एके दिवशीं तिनें विचारलें, "अहो, हें बायकांनीं केलें तर चालतें का?" मीं कारण विचारलें, तेव्हां कळलें कीं तिची कंबर गेलीं बारा वर्षें दुखत होती. कांद्याची लागवड, खुरपणी, काढणी हीं सारीं वांकून करावयाचीं कामें तिच्याच वांट्यास. माझ्या कंबरेसाठीं तीन गांवें पालथीं घातलीं, कागद काढले, पैसे घातले. तिच्या कंबरेची घरांत कोठें नोंदच नव्हती. आयुष्यभर दुसऱ्यांच्या नोंदी घेणाऱ्या माणसाच्या घरीं ही नोंद राहून गेली, याची खंत मला अजून आहे. आतां आम्ही दोघें बरोबरच व्यायाम करतों.

या संबंधांत कॅलिफोर्नियाचें उदाहरण आठवतें. तेथें भाजीपाल्याची विरळणी व खुरपणी करणाऱ्या मजुरांस अगदीं आखूड दांड्याची कुदळी वापरावी लागे. कोण वांकलेला आहे व कोण उभा, हें मुकादमास लांबूनच दिसे. मजुरांनीं डॉक्टरांच्या साक्षींसह दाद मागितली व १९७५ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर तें अवजार बंद झालें. दोष मजुराच्या कंबरेंत नसून अवजाराच्या दांड्यांत असूं शकतो, हा त्यांतील बोध आहे.

आपल्याकडे जेथें ओळी सरळ आहेत तेथें लांब दांड्याचें हात-कोळपें किंवा सायकल कोळपें उभ्यानें चालवितां येतें. जेथें खुरपें अटळ आहे तेथें अर्ध्या-पाऊण तासानें उठून, कंबरेवर हात ठेवून चार वेळां मागें वांकावें व शक्यतों काम बदलावें. पोतें उचलतांना पाय फांकून एक पाऊल पुढें ठेवावें, गुडघ्यांत वांकावें, पोतें पोटाशीं आणावें व वळावयाचें तर पावलें वळवावींत, कंबर पिळूं नये. यूरियाची गोणी २०१८ पासून ४५ किलोची झाली आहे. तीहि एकट्यानें उचलण्यांत पुरुषार्थ नाहीं. सकाळीं उठल्याबरोबर जड काम न घेतां प्रथम थोडें चालून अंग मोकळें करावें.

धोक्याच्या खुणा

लघवी तुंबणें अगर लघवी-शौचावरील ताबा जाणें, मांड्यांच्या आंतील भागास बधिरता येणें, पाय लुळा पडूं लागणें, यांपैकीं कांहींहि दिसल्यास त्याच दिवशीं मोठें रुग्णालय गांठावें. तेथें व्यायामाचें काम नाहीं. कंबरदुखीबरोबर ताप, वजनांत घट, पूर्वीं झालेला कर्करोग किंवा पडून झालेली इजा असेल तर घरगुती उपाय न करतां आधीं डॉक्टरांकडून तपासून घ्यावें.

शेवटीं सभासदांस एक विनंति आहे. यंदाच्या हंगामापूर्वीं आपापल्या घरीं कोणाकोणाची कंबर दुखते, हें एकदां विचारून पाहावें. व तें विचारतांना आरंभ चुलीपासून करावा.