सीताबर्डीची लढाई मेजावर : थोडक्या खर्चांत सैन्य कसें वाढवावें

मेजावर लहान लहान शिपाई मांडून जुन्या लढाया पुन्हां लढण्याचा छंद आपल्याकडील घरांस हळूहळू परिचयाचा होत आहे. छंद चांगला आहे; परंतु त्याच्या पोटीं एक खोड आहे. या नादीं लागलेला मुलगा प्रथम वीस शिपाई मागवितो, मग त्यांस शोभतील असे स्वार, मग तोफा. आणि सहा महिन्यांनीं कपाट उघडून पाहावें, तों अर्धेअधिक शिपाई न रंगवितां खोक्यांतच पडलेले असतात. हे शिपाई बहुधा परदेशांतून येतात. मूळ किंमतीवर टपालखर्च चढतो, त्यावर जकात चढते. तेव्हां मध्यम स्थितीच्या गृहस्थानें मुलाच्या हौसेस नाहीं म्हणावें, कीं घरखर्चाचें गणित मोडूं द्यावें, असा पेंच पडतो. आमच्या मतें या पेंचांतून सुटण्याचा मार्ग फार दूर नाहीं. संग्रह वाढतो तो मुख्यतः निवडीनें. पैशाचें काम त्यानंतरचें. आणि निवड कशी करावी हें समजून घेण्यास आम्हां नागपूरकरांस सीताबर्डीच्या दोन टेकड्या पुरेशा आहेत.

हा खेळ सर्वस्वीं परका आहे असेंही नव्हे. हत्ती, घोडे, रथ व पायदळ अशीं सैन्याचीं चार अंगें पटावर मांडून चतुरंग खेळणारे आपलेच पूर्वज होत. युरोपांत अलीकडच्या काळीं प्रशियाच्या रायस्विट्झ नांवाच्या पितापुत्रांनीं मेजावरील युद्धाचा खेळ रचिला. पित्यानें तो १८१२ सालीं राजापुढें मांडिला व पुत्रानें १८२४ सालीं त्याचे नियम छापून प्रसिद्ध केले. सैनिकी अधिकाऱ्यांच्या शिक्षणाचें तें एक साधन होतें. पुढें एच. जी. वेल्स या सुप्रसिद्ध इंग्रज कादंबरीकारानें १९१३ सालीं ‘लिटल वॉर्स’ नांवाचें पुस्तक लिहून हाच खेळ घरच्या जमिनीवर आणिला. आपल्याकडे दिवाळींत मुलें मातीचा किल्ला करून त्यावर मावळे मांडतात, आणि आमच्या नागपुरांत पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीं, तान्ह्या पोळ्यास, लांकडी बैल सजवून घरोघर नेतात. म्हणजे लहान आकाराच्या मूर्ति जमविण्याची व मांडण्याची संवय घरांत आहेच. तिला थोडी दिशा दिली म्हणजे झालें.

पहिला नियम असा कीं, शिपाई घेण्यापूर्वीं लढाई निवडावी. लढाई ठरली म्हणजे कोण पाहिजे आणि कोण नको हें आपोआप ठरतें. सीताबर्डीची लढाई नोव्हेंबर १८१७ च्या २६ व २७ या तारखांस झाली. एका बाजूस अप्पासाहेब भोसल्यांचें सैन्य, दुसऱ्या बाजूस रेसिडेंट रिचर्ड जेन्किन्स याच्या रक्षणास असलेली कंपनीची फौज. तिचें आधिपत्य लेफ्टनंट कर्नल स्कॉट याजकडे होतें. तींत मद्रासच्या विसाव्या व चोविसाव्या पलटणींचे शिपाई आणि बंगालच्या सहाव्या रिसाल्याच्या तीन तुकड्या होत्या. इंग्रजी नोंदींप्रमाणें कंपनीचे लोक सुमारें तेराशें व तोफा चार; भोसल्यांचे लोक सुमारें अठरा हजार, त्यांपैकीं चार हजारांच्या आसपास अरब, व तोफा छत्तीस. कंपनीच्या लोकांनीं थोरली व धाकटी अशा दोन्ही टेकड्या धरिल्या होत्या. संध्याकाळीं सुरू झालेला मारा रात्रभर चालला. पायथ्याच्या झोपड्यांचा आडोसा घेऊन अरब पुढें सरकले आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्यांनीं धाकटी टेकडी जिंकली. तेथील तोफ त्यांनीं उलटी फिरवून थोरल्या टेकडीवर डागली. त्यानंतर कॅप्टन फिट्झजेराल्ड याच्या स्वारांनीं खालच्या मैदानांत हल्ला चढविला आणि लढाईचा रंग पालटला; धाकटी टेकडी कंपनीच्या शिपायांनीं परत घेतली. त्यांचे ठार व जखमी मिळून ३६७ लोक पडले, म्हणजे चौथाईहून अधिक.

आतां हिशेब करूं. मेजावरील एक शिपाई म्हणजे खरे वीस, असें प्रमाण धरिलें तर कंपनीकडे पांसष्ट शिपाई लागतील आणि भोसल्यांकडे नऊशें! एका शिपायास पन्नास रुपये धरिले तरी एवढ्या एका बाजूस पंचेचाळीस हजार रुपये झाले. हा आंकडा ऐकूनच कोणीही गृहस्थ पेटी मिटील. परंतु लढाईचें स्वरूप नीट पाहिलें म्हणजे वाट सांपडते. बचाव करणारे टेकडीवर आहेत तेवढेच राहतात; हल्ला करणारे मात्र एकामागून एक लाटांनीं येतात. तेव्हां भोसल्यांचा जो शिपाई पडेल तो मेजाच्या कडेस नेऊन ठेवावा आणि पुढील डावांत नवी तुकडी म्हणून पुन्हां आणावा. कंपनीचा पडलेला शिपाई परत येत नाहीं. या एका युक्तीनें नऊशेंचें काम शंभरांवर भागतें. साठ अरब, वीस इतर पायदळ व वीस स्वार, एवढें पुरे. समोर पन्नास पायदळ, बारा स्वार आणि तीन गोलंदाज मिळून पांसष्ट. एकूण एकशें पांसष्ट. दर रविवारीं सहा शिपाई तयार झाले तर विजयादशमीस आरंभ करून अक्षय्यतृतीयेच्या सुमारास दोन्ही सैन्यें उभीं राहतात.

शिपाई घरींच करावेत. महालांतील चितारओळींत गणपतीच्या मूर्ति घडविणारे कारागीर आहेत. त्यांच्याकडील शाडूची माती थोडीशी आणिली तरी पुष्कळ होते. तींत भिजवून कुटलेल्या कागदाचा लगदा मिसळावा, म्हणजे मूर्ति वाळल्यावर ठिसूळ राहत नाहीं. प्रथम एकच शिपाई सावकाश घडवावा. उंची बोटाच्या दोन पेरांएवढी असावी. हात अंगालगत ठेवावेत. अंगापासून सुटलेला हात सांच्यांत अडकतो व मोडतो. ही मूर्ति चांगली वाळल्यावर तिला तेलाचा हात फिरवून तिच्या दर्शनी बाजूचा प्लास्टरचा सांचा करावा. प्लास्टर मातींतील पाणी शोषून घेतें, त्यामुळें दाबून भरलेली माती थोड्या वेळानें सहज सुटते. पाठ बोटानें सारखी करावी. मूर्ति सावलींत वाळवाव्या. उन्हांत ठेविल्यास भेगा पडतात. बंदुकीस व भाल्यास खराट्याची काडी लावावी, मातीची नळी टिकत नाहीं. धड सर्वांचें एकच. डोकें मात्र निराळें करावें. अरबास डोक्याचा फडका, कंपनीच्या शिपायास उंच ताठ टोपी, आपल्या पायदळास पागोटें. अशा रीतीनें एका सांच्यांतून तीन सैन्यें निघतात. घोडे मातीचे करणें कठीण जातें. ते जाड पुठ्ठ्याचे दोन थर चिकटवून कापावे.

येथें एक सूचना आवश्यक आहे. कित्येक पुस्तकांत शिसें वितळवून घरीं शिपाई ओतण्याची कृति दिलेली असते. शिशाची वाफ व धूळ विषारी असून लहान मुलांस ती विशेष अपाय करिते. घरांत शिसें वितळवूं नये. मातीनें काम भागत असतां तो धोका पत्करण्याचें कांहींच कारण नाहीं.

रणभूमीस तर जवळजवळ कांहींच खर्च नाहीं. नव्या यंत्राबरोबर खोक्यांत येणारे थर्मोकोलचे तुकडे एकावर एक चिकटवून दोन टेकड्या कराव्या, एक थोरली व एक धाकटी, आणि मध्यें त्यांस जोडणारी अरुंद मान ठेवावी. वरून खळ लावून बारीक वाळू व वाळविलेला चहाचा चोथा पसरावा. त्याचा रंग थेट आपल्याकडील मुरमाड जमिनीसारखा दिसतो. पायथ्याशीं काडेपेट्यांच्या झोपड्या कराव्या आणि त्यांवर खराट्याच्या काड्यांचें छप्पर घालावें. या झोपड्या केवळ शोभेच्या नाहींत. त्यांच्याच आडोशानें अरब पुढें आले होते. मात्र टेकडीवर किल्ला बांधूं नये. आज सीताबर्डीवर दिसणारा किल्ला लढाईनंतर इंग्रजांनीं बांधिला. १८१७ च्या नोव्हेंबरांत तेथें तट नव्हता. हा किल्ला हल्लीं भारतीय सैन्याच्या ताब्यांत असून वर्षांतून मोजक्या राष्ट्रीय दिवशींच लोकांस खुला असतो. त्या दिवशीं मुलांस अवश्य घेऊन जावें आणि टेकडीवरून खालच्या बाजारपेठेकडे व स्टेशनाकडे पाहत, हल्ला कोठून आला असेल याचा विचार करावयास लावावें. पुस्तकांतील दहा पानांनीं न कळणारी गोष्ट तेथें एका नजरेंत कळते.

तोफा ओढण्यास बैल लागतात, आणि ते तर घरांतच आहेत. तान्ह्या पोळ्याचे अगदीं लहान लांकडी बैल वर्षांतून एकदां पूजेस निघतात व मग माळ्यावर जातात. त्यांतील दोन जोड्या तोफांस जुंपाव्या. तोफ म्हणजे बोरूचा तुकडा व सदऱ्याच्या गुंड्यांचीं चाकें. भोसल्यांकडे तीन व कंपनीकडे एक तोफ ठेवावी.

खेळण्याचे नियम सोपे असावेत. पायदळानें एका डावांत एक वीत चालावें, स्वारानें दोन. चढावर अर्धीच चाल. गोळीबारास फांसे विकत आणण्याचें प्रयोजन नाहीं. नेम धरणाऱ्या प्रत्येक शिपायामागें एक कवडी टाकावी आणि जितक्या उताण्या पडतील तितके लागले असें समजावें. झोपडीच्या आड असलेल्यांस त्यांपैकीं अर्धेच लागतात. दहा डावांच्या अखेरीस थोरली टेकडी कंपनीकडे राहिली तर कंपनी जिंकली, न राहिली तर भोसले जिंकले. या नियमांनीं खेळल्यास निकाल इतिहासाप्रमाणेंच लागेल असें नाहीं; आणि तो कां पालटला, याचा विचार करण्यांतच या खेळाचें निम्में शिक्षण आहे.

आतां संग्रह वाढविण्याची गोष्ट. एवढें सैन्य सिद्ध झालें कीं नवे शिपाई न घेतांही लढाया वाढतात. सीताबर्डीनंतर तीन आठवड्यांच्या आंत, १६ डिसेंबर १८१७ रोजीं, जनरल डव्हटन याच्या फौजेशीं नागपूरजवळ सक्करदऱ्याकडे दुसरी लढाई झाली. तिला हेच शिपाई चालतात. फक्त टेकड्या उचलून मेज सपाट करावें. त्याच वर्षीं ५ नोव्हेंबरास पेशव्यांची खडकीची लढाई, २१ डिसेंबरास होळकरांची महिदपूरची, आणि फेब्रुवारी १८१८ मध्यें सरदार बापू गोखले जींत पडले ती आष्टीची. या सर्वांत एका बाजूस कंपनीचे शिपाई व दुसऱ्या बाजूस मराठ्यांचे स्वार आहेतच. खडकीस आणखी वीस स्वार करावे, महिदपुरास दोन तोफा, एवढीच भर. चार महिन्यांच्या इतिहासांतून पांच रणांगणें एका संग्रहावर निघतात. परंतु एक नेम कडक पाळावा: हातचे शिपाई रंगवून झाल्यावांचून नवीन एकही घेऊं नये. महिन्याचे तीनशें रुपये ठरविले असतील तर ते मुलाच्याच हातीं द्यावेत, व त्याचा जमाखर्च त्यानेंच लिहावा. उरलेले पैसे पुढील महिन्यांत मिळवितां येतील असें सांगितलें म्हणजे तो आपोआप काटकसर शिकतो.

रंगविण्याच्या कामांत एक गोष्ट मुलांच्या ध्यानांत लवकरच येते, आणि तिच्यासाठींच आम्ही हा छंद घरांत असावा असें म्हणतों. आरंभीं मुलें भोसल्यांकडील शिपाई हौसेनें रंगवितात व तांबड्या डगल्यांचे शिपाई बाजूस सारतात. ते ‘शत्रूचे’ म्हणून. पण डगला तांबडा झाला तरी तोंड कोणत्या रंगाचें करावयाचें? मद्रासचे शिपाई आणि बंगालच्या रिसाल्याचे स्वार हे याच देशांतले. त्यांच्या तोंडास तोच तपकिरी रंग लागतो, जो समोरच्या पागोटेवाल्यास लागतो. कंपनीचे जे ३६७ लोक पडले त्यांतील बहुतेक याच रंगाचे होते. भोसल्यांकडून पडलेल्यांत अरब होते, आणि आपल्याच गांवचे लोक होते. राज्य कोणाचें राहावें याचा निकाल त्या दोन टेकड्यांवर लागला. १८१८ सालीं अप्पासाहेब पदच्युत झाले आणि पुढें १८५४ सालीं नागपूरचें राज्यही खालसा झालें. हें सारें वाचून कळतें. परंतु तपकिरी रंगाची बाटली तांबड्या बाटलीच्या आधीं संपते, तेव्हां मूल स्वतःच विचारतें कीं हे लोक कंपनीकडे कां गेले? त्या प्रश्नाचें उत्तर देण्यास घरांतील वडीलधाऱ्यांनीं थोडा अभ्यास करून ठेवावा. पोट, पगार, वेळेवर मिळणारें वेतन, दूर देशांतील नोकरी, आपसांतील फूट अशीं अनेक कारणें सांगावीं लागतील, आणि एक कारण सांगून भागणार नाहीं.

वेल्सनें आपल्या पुस्तकाच्या शेवटीं खऱ्या युद्धापेक्षां हें लहान युद्ध किती बरें, असें प्रतिपादन केलें होतें. पुढच्याच वर्षीं युरोपांत महायुद्ध पेटलें. खेळानें युद्धें थांबत नाहींत हें उघड आहे. तथापि टेकडीवरील प्रत्येक शिपाई ज्यानें स्वतःच्या हातानें घडविला, वाळविला व रंगविला, तो मुलगा ‘तीनशें सदुसष्ट’ हा आंकडा वाचतांना क्षणभर थांबेल, एवढी आशा धरण्यास हरकत नाहीं. ज्या गृहस्थांस हा उद्योग करून पाहावयाचा असेल त्यांनीं या दिवाळींतला किल्ला मोडून टाकूं नये. त्याची माती तशीच भिजवून ठेवावी. पहिले सहा शिपाई तींतूनच होतील.